निष्कर्ष शास्त्रज्ञांचा, निर्णय शासनाचा

अन्नसुरक्षेच्या कारभारात मंत्रालयापासून अलिप्त अशी शास्त्रीय संस्था असावी, या मताला विरोध करणाऱ्यांचा पूर्वपक्ष आधी पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. लोकांच्या ताटात काय यावे आणि काय येऊ नये हा अखेर राजकीय निर्णय असून तो लोकांना जाब देणाऱ्या सरकारनेच घ्यावा, शास्त्रज्ञांचा सल्ला हवा असेल तेव्हा मंत्रालयाला समिती नेमता येते, आणि कोणालाही उत्तरदायी नसलेले तज्ज्ञमंडळ उभारणे लोकशाहीला मारक आहे, असे हे म्हणणे आहे. त्यातील निर्णयाविषयीचा भाग बिनतोड आहे; परंतु समिती नेमली की भागते, हा भाग ब्रिटनच्या अनुभवापुढे टिकत नाही.

गाईंच्या मेंदूची चाळण करणारा बीएसई हा रोग, ज्याला वृत्तपत्रांनी ‘मॅड काऊ’ असे नाव दिले, १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम ओळखला गेला. जनावरांच्या मांस-हाडांचा चुरा पशुखाद्यातून पुन्हा गाईंनाच चारला गेल्यामुळे तो पसरला होता. तेथे शेती, मत्स्यव्यवसाय आणि अन्न ही तिन्ही खाती एकाच मंत्रालयात होती, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाला उठाव राहावा आणि तो माल खाणाऱ्याच्या जिवाला अपाय होऊ नये, या दोन्ही चिंता एकाच मंत्र्याच्या माथी होत्या. प्राणिशास्त्रज्ञ सर रिचर्ड साऊथवुड यांच्या समितीने १९८९ च्या अहवालात माणसाला धोका असण्याची शक्यता फार दूरची असल्याचे म्हटले, परंतु हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील, असेही त्याच अहवालात बजावले. पहिले विधान पुढे सरकारी आश्वासनांचा आधार बनले आणि दुसऱ्याचा विसर पडला. मे १९९० मध्ये तर कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे गोमांसाचा बर्गर धरला. मेंदू, मज्जारज्जू आदी अवयव माणसाच्या अन्नात वापरण्यास नोव्हेंबर १९८९ पासून बंदी होती, तरी १९९५ मध्ये निरीक्षकांनी कत्तलखान्यांना अचानक भेटी दिल्या तेव्हा सोललेल्या धडांना मज्जारज्जूचे तुकडे तसेच चिकटलेले आढळले. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत सांगावे लागले की, तरुणांमध्ये दिसू लागलेल्या नव्या प्राणघातक मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याचा दाट संभव आहे. त्या विकाराने ब्रिटनमध्ये आजवर १७८ माणसे मृत्युमुखी पडली.

या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या लॉर्ड फिलिप्स यांच्या अहवालाने सरकारवर खोटे बोलल्याचा ठपका ठेवला नाही, आणि विचार करायला लावणारी गोष्ट नेमकी हीच आहे. लोकांत घबराट पसरू नये या काळजीपोटी सरकार धीर देत राहिले आणि ती आश्वासनांची मोहीमच चूक ठरली, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. हेतू वाईट नसतानाही एवढा अनर्थ घडत असेल, तर दोष व्यक्तींपेक्षा रचनेत शोधला पाहिजे. साऊथवुड समितीत विद्वत्तेची वाण नव्हती. वाण होती ती कायमस्वरूपी अधिष्ठानाची. अहवाल देऊन समिती मोकळी झाली आणि तिच्या निष्कर्षाचा अर्धाच भाग सांगितला जात असताना ‘हे आमचे पूर्ण म्हणणे नव्हे’ असे जाहीरपणे व अधिकाराने बजावणारी संस्था उरली नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी युरोपीय संघाने २००२ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण स्थापन केले, ज्याचे मुख्यालय इटलीतील पार्मा येथे आहे. त्यामागील तत्त्व असे की, एखाद्या पदार्थाने किती मात्रेत, कोणाला आणि कितपत अपाय होऊ शकतो हे पुराव्यांवरून ठरवणे, म्हणजे धोक्याचे मूल्यमापन, आणि त्यावर बंदी घालावी, मर्यादा घालावी की मोकळीक द्यावी हे ठरवणे, म्हणजे धोक्याचे व्यवस्थापन, ही दोन कामे दोन वेगळ्या हातांत असावीत. प्राधिकरणाला बंदीचा अधिकार नाही, म्हणून ते दंतहीन आहे, ही टीका या तत्त्वाचा अर्थच ध्यानात घेत नाही. पांढऱ्या रंगासाठी मिठाईत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडपासून पेशींतील जनुकीय द्रव्याला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये जाहीर केले. बंदी मात्र २०२२ मध्ये राजकीय यंत्रणेने स्वतःच्या सहीनिशी घातली. निष्कर्ष आधीच लोकांसमोर असल्यामुळे निर्णय कोणताही घेतला तरी तो शास्त्राच्या आड लपून घेता येत नाही. अशी संस्था लोकशाहीवर कुरघोडी करते म्हणणाऱ्यांना याचे उत्तर देता आलेले नाही.

अशा संस्थाही उद्योगांच्या प्रभावाखाली जातात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१२ मध्ये प्राधिकरणाच्या व्यवस्थापन मंडळाच्या अध्यक्षांना, उद्योगांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत पद स्वीकारल्यामुळे मंडळातून बाहेर पडावे लागले. ग्लायफोसेट या तणनाशकाविषयीचे विषारीपणाचे अभ्यास खुले करण्यास नकार देणारे प्राधिकरण २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयात हरले. त्याच वर्षी झालेला आणि मार्च २०२१ पासून लागू झालेला कायदा सांगतो की, परवानगीसाठी कंपन्यांनी करून घ्यायच्या अभ्यासाची नोंद आधीच झाली पाहिजे, जेणेकरून गैरसोयीचा निकाल गुपचूप गिळता येऊ नये. मंत्रालयाच्या बंद फायलीत असे अपराध घडतात तेव्हा ते उघडकीस येण्याची वाटच नसते.

शास्त्रज्ञांत एकमत नसते, हा आक्षेपही पुढे केला जातो. प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए या रसायनाची रोज सहन होण्याजोगी मात्रा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पूर्वीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली, तेव्हा जर्मनीच्या तशाच संस्थेने असहमती नोंदवली आणि मतभेदाचे मुद्दे दोघांनी मिळून लेखी प्रसिद्ध केले, कारण कायद्याने ते बंधनकारकच आहे. मतभेद असणे हा शास्त्राचा दोष नव्हे. तो दडवणे हा कारभाराचा दोष होय.

भारताचा २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा या विचारापासून दूर नाही, कारण शास्त्रीय समितीत व पॅनेलांत स्वतंत्र तज्ज्ञ असावेत आणि त्यांची मते प्रसिद्ध व्हावीत, असे तो सांगतो. तरीही उद्योगांतील माणसे पॅनेलांवर बसली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. मानके ठरवणारे आणि शास्त्रीय मत घेणारे प्राधिकरण येथे एकच असून त्यात वाणिज्य व अन्नप्रक्रिया मंत्रालयांचे अधिकारी पदसिद्ध सदस्य असतात, तर अध्यक्षपद सचिव दर्जाच्या प्रशासकालाही देता येते. माल खपवणे हे ज्यांच्या खात्यांचे कर्तव्य आहे, त्यांना निर्णयाच्या मेजाशी जागा असायला हरकत नाही. धोक्याचे मूल्यमापन करणारी शास्त्रीय समिती मात्र त्या मेजापासून वेगळी काढून, स्वतःच्या अंदाजपत्रकासह आणि स्वतःहून जनतेशी बोलण्याच्या अधिकारासह संसदेला जबाबदार केली पाहिजे.