रांग तुंबली की गॅस बंद

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो. काळाकुट्ट, आम्लधर्मी आणि वास तर विचारूच नका! हवाबंद डायजेस्टरमध्ये तो कुजवला की मिथेन मिळतो. १ किलो सीओडी खलास झाला की जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर. गणित पक्कं आहे, मग गॅस कमी का पडतो?

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे चटकन कळावं. आम्ल करणारे जंतू वेगवान, मिथेन करणारे संथ. एकदम जास्त माल ढकलला की मधे आम्ल साचतं, पीएच पडतो आणि मिथेनवाले संपावर जातात. ते पुन्हा वाढायला कित्येक आठवडे!

म्हणून माझं मत असं, की नव्या टाकीचा खर्च करण्याआधी रोजचा भरणा एकसारखा ठेवा, तापमान ३५-३७ अंशांवर सांभाळा, आम्ल आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर मोजत राहा. पीएच पडल्यावर जागं होणं म्हणजे वरातीमागून घोडं. आणि मिळालेला गॅस बॉयलरमध्ये जाळा. तो गळू दिला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो.

सर्व्हर झोपल्यावरच ज्यांना मॉनिटरिंग आठवतं, त्यांना अजून काय सांगू?