आस, आशा आणि आगमनकाळ

संतसाहित्य वाचून ज्याचा कान तयार झाला आहे, त्याला 'आशा' हा शब्द थोडा संशयास्पदच वाटतो. ती तृष्णेची सखी, माणसाला दारोदार हिंडवणारी, पायातली बेडी. भगवद्गीतेत 'निराशी' हे विशेषण स्तुतीचे आहे; ज्याची आशा सुटली तोच मोकळा झाला. याच भाषेत मराठी ख्रिस्ती माणूस विश्वास, आशा आणि प्रीती अशी त्रयी मानतो आणि आशेला सद्गुणांत बसवतो. एक शब्द, एक भाषा, आणि दोन परंपरांत त्याची किंमत नेमकी उलटी. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा खरे तर इथून सुरू व्हावी, असे आम्हांस वाटते. ती होते बहुधा भाषेच्या गोडव्यापासून, आणि तिथेच संपते.

आशेचे हे उलटे मोल उपासनेत कसे दिसते, ते आगमनकाळात पाहावे. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ. कॅथलिक देवळात धर्मगुरूंचा झगा या दिवसांत जांभळा असतो, म्हणजे पश्चात्तापाच्या रंगाचा. मात्र तिसऱ्या रविवारी तो गुलाबी होऊ शकतो. त्या रविवाराचे लॅटिन नाव 'गाउदेते', म्हणजे 'आनंद करा'. ज्याची वाट पाहायची तो अजून आलेला नाही, आणि आनंदाची आज्ञा मात्र झालेली आहे. शिवाय वाट दुहेरी आहे. जो बेथलेहेमात येऊन गेला त्याच्या जन्माची, आणि जो पुन्हा येणार आहे त्याचीही. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी 'मारानाथा' असा एक अरामी उद्गार आहे. 'आमच्या प्रभो, ये' असा त्याचा अर्थ लावतात. 'प्रभू आला आहे' असाही लावता येतो. (मराठी कानाला त्यात 'नाथ' ऐकू येतो. तो निव्वळ योगायोग, पण सुखद.) आलेला आणि येणारा यांना एकाच शब्दात धरणारी ही प्रतीक्षा केवळ इच्छा नव्हे. तिच्यामागे घडून गेलेल्या गोष्टीचा आधार आहे, म्हणून ती आनंदाची होऊ शकते.

हे सारे परके आहे, असे म्हणण्याआधी पनवेल-रोहा लोहमार्गावरचे जिते आठवावे. जित्यानंतर हमरापूर आणि मग पेण. हा मुलूख गणपतीच्या मूर्तींचा. भाद्रपदातल्या एका चतुर्थीसाठी इथल्या कारखान्यांत वर्षभर साचे भरले जातात, रंग चढतो, डोळ्यांची आखणी होते. येणाऱ्याची तयारी हाच इथल्या कितीतरी घरांचा व्यवसाय, आणि विसर्जनाच्या वेळी पुढच्या वर्षीचे आमंत्रण आधीच दिलेले असते. आनंदाने वाट पाहणे म्हणजे काय, हे या टापूला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. फरक आहे तो काळाच्या आकाराचा. गणपतीची तिथी पंचांगात असते. तो येतो, जातो, पुन्हा येतो. पंढरीत तर उलटाच प्रकार. तिथे देवच विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहतो, आणि वारकऱ्याला लागते ती 'आस'. आशा टाकायला सांगणाऱ्या संतांनीच ही आस जपली, हे विसरू नये. ख्रिस्ती 'आशा' जर मराठीत कुठे रुजली असेल, तर ती या 'आस'च्या मातीत, असा आमचा कयास आहे.

याच रायगड जिल्ह्यात वाट पाहणारे आणखीही एक घराणे आहे. बेने इस्रायल समाज मलिद्याच्या विधीत पोहे, गूळ, खोबरे मांडून एलियाहू हनाबीचे स्मरण करतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावातील खडकावरची खूण त्याच्या रथाची मानतो. एलिया म्हणजे मसीहाच्या आधी येणारा वर्दीदार. शुभवर्तमानांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला त्याचीच जागा मिळते, आणि आगमनकाळाच्या वाचनांत हा योहान पुन्हा पुन्हा येतो. ज्याने पुढे येऊन सांगायचे, तो मराठी मुलखात चर्चच्याही आधी पोहोचला होता म्हणायचा.

आता 'ख्रिस्तपुराण'. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. जवळजवळ अकरा हजार ओव्या. अभ्यासक्रमात त्यांतल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या तेवढ्या येतात. त्या सुंदर आहेत. परंतु एखाद्या महाकाव्याकडून फक्त भाषेचे प्रशस्तिपत्र घ्यावे, ही त्याची उपेक्षाच होय. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. म्हणजे पहिला भाग अवघा प्रतीक्षेचा आहे. आदामाच्या पतनापासून वचन दिले जाते, पिढ्या उलटतात, संदेष्टे येतात, आणि तारक येत नाही. नायक रंगमंचावर नसताना इतका वेळ कथा चालवणे सोपे नाही. स्टीफन्सना ते साधते, कारण ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक आहे. ही उत्कंठा रहस्यकथेची नव्हे, कीर्तनाची आहे. रामजन्माच्या आख्यानाला बसलेला श्रोता राम जन्मेल की नाही, या काळजीत नसतो.

पण हा आनंद निरागसपणे वाचता येत नाही. सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइटांची हत्या झाली आणि त्याचा सूड गावच्या प्रमुखांवर उगवला गेला. या घटना ग्रंथाच्या आधीच्या, आणि त्याच परिसरातल्या. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवतो की पूर्वीची पुराणे तर आम्हांला वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण द्यावे. समीक्षक हा प्रसंग बहुधा निर्मितीचे निमित्त म्हणून ओलांडून जातात. आमच्या मते ग्रंथाचे मर्म इथेच आहे. इथे एक भूक बोलते आहे, आणि ती भूक निर्माण करण्यात सत्तेचा हात आहे. म्हणून 'ख्रिस्तपुराणा'त दोन प्रतीक्षा एकमेकींवर चढलेल्या आहेत: कथेतल्या लोकांची तारकासाठी, आणि कथा ऐकणाऱ्यांची कथेसाठी. पहिलीचा आनंद खरा आहे असे आम्ही मानतो. पण दुसरीचे दुःख झाकून तो शिकवणे अप्रामाणिक आहे. दोहोंपैकी एकच ऐकू येणारे वाचन, मग ते भक्ताचे असो वा राष्ट्राभिमान्याचे, अर्धे वाचन होय. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. तरीही हे पुराण हस्तलिखितांतून टिकले. लोकांनी ते उतरून घेतले, तेव्हा त्यांच्यापुढे कोणाची आज्ञा नव्हती. ही साक्ष महत्त्वाची आहे.

नारायण वामन टिळकांपाशी आल्यावर प्रश्न बदलतो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो राजसत्तेच्या धाकाने नव्हे, आणि त्यांच्या अभंगांत वारकऱ्याची आस सरळ ख्रिस्ताकडे वळते. शब्दांना फारसा धक्का न लावता. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. 'राज्य' हा पवित्र शास्त्रातला शब्द, 'दरबार' हा इथला. येणाऱ्या राज्याची वाट पाहायची तर त्याची बैठक आजच अंथरावी, असा त्यात भाव आहे. दोनच वर्षांत टिळक गेले आणि 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य अपुरे राहिले. ते पुढे पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिलेल्या, आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतलेल्या.