उपकार आणि प्रेम

रक्ताच्या नात्यावाचून घर उभे राहते, हे वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ पासून कुष्ठरुग्णांचा संसार मांडला. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या मुलांना स्वतःचे आडनाव दिले. या घरांचा आपल्याला अभिमान आहे.

आता समजा, अकोल्यात आप्तांनी दूर लोटलेली काही माणसे एका घरी राहतात आणि त्यांतला पंचेचाळिशीचा एक पुरुष व पंचविशीचा दुसरा वर्षानुवर्षांच्या सहवासाने एकमेकांत गुंतले, तर? आपण लगेच नाक मुरडतो. दोघेही पुरुष आहेत ही तक्रार मला फोल वाटते. सज्ञानांच्या अशा संमतीच्या संबंधांत गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले. वयाची शंका मात्र रास्त आहे. ज्याने आसरा दिला त्याला 'नाही' म्हणणे धाकट्याला जड जाते. म्हणून अशा प्रेमातला सावकाशपणा मला भित्रेपणा वाटत नाही, ती नीती वाटते. थोरल्याने थांबावे. धाकट्याची कमाई आणि मित्र त्याचे स्वतःचे असावेत. नकार दिला तरी त्याच्या ताटातली भाकर हलू नये. मग आलेला होकार खरा.

२०२३ च्या निकालाने अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला नाही. तरी २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले मानण्यास सांगितले. शिधापत्रिकेत जी दोन नावे मावतात, ती आपल्या आळीत का मावू नयेत?