हाडातील जंतू आणि रोजंदारीचा हिशेब

यंत्राखाली चिरडलेला पाय किंवा लोकलच्या दारातून पडून मोडलेली नडगी, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यातील लोकांना दोन्ही अपरिचित नाहीत. नुसते मोडलेले हाड बहुधा सांधते. परंतु कातडी फाटून हाड उघडे पडले आणि जखमेत माती, तेल वा लोखंडाचा कीस शिरला, की हाडातच जंतू घर करण्याचा धोका उभा राहतो. मग पू वाहणारे छिद्र बुजते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा फुटते, आणि कुटुंब इस्पितळाच्या वाऱ्यांत अडकते. डॉक्टर याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. शेजारीपाजारी ‘हाडी व्रण’ म्हणून सोडून देतात.

हा रोग चिवट का, याचे उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. प्रतिजैविक रक्तातून जाते. परंतु मेलेल्या हाडाच्या तुकड्यात रक्तच पोहोचत नाही. तेथे, किंवा बसविलेल्या पट्टीवर व स्क्रूवर, जंतू स्वतःभोवती चिकट थर विणून बसतात. त्यांना पुरेल इतका डोस शिरेतून द्यावा, तर जेन्टामायसिनसारख्या औषधाने मूत्रपिंड आणि कान धोक्यात येतात. मग औषध थेट हाडाच्या पोकळीतच का ठेवू नये?

हा विचार आजचा नव्हे. १८९२ मध्ये ड्रेसमान या जर्मन शल्यचिकित्सकाने हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद आहे. १९७० च्या सुमारास जर्मनीतच बुखहोल्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधे बसविण्याच्या ॲक्रिलिक सिमेंटमध्ये जेन्टामायसिन मिसळले. सिमेंट घट्ट होताना तापते, आणि हे औषध ती उष्णता सोसते. पुढे त्याच सिमेंटचे मणी तारेत ओवून जखमेत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. जखमेत औषध भरपूर, रक्तात मात्र अल्प, हा तिचा गुण; मणी काढण्यासाठी बहुधा दुसरी शस्त्रक्रिया लागते, हा दोष. कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे त्या जुन्या प्लास्टरच्याच शुद्ध रूपाचे, मणी काही आठवड्यांत विरघळतात. जखमेतून काही काळ पाणी झिरपते खरे, पण दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही.

येथे अर्थशास्त्र सुरू होते. विरघळणारे मणी महाग, साधे सिमेंट स्वस्त, असा हिशेब इस्पितळाच्या भांडारात मांडला जातो. त्या वहीत दुसऱ्या शस्त्रक्रियेचा दिवस, खाटेचे आठवडे, रुग्णाजवळ बसण्यासाठी काम सोडणारी बायको यांपैकी काहीच चढत नाही. राज्य कामगार विमा योजनेत कामावर झालेल्या इजेसाठी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. परंतु दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला ही योजना सर्वसाधारणपणे सक्तीची नाही, आणि उल्हासनगरच्या गल्ल्यांतील शिलाईचे गाळे किती माणसांचे असतात ते सर्वांना ठाऊक आहे. ठेकेदाराने नोंदच न केलेल्या कामगाराची गोष्ट आणखी निराळी. अशा माणसाच्या पायातील पू सहा महिने वाहिला, तर त्याची किंमत मुलांच्या शाळेतून आणि सावकाराच्या व्याजातून वसूल होते. महात्मा फुले जन आरोग्य योजना ठरावीक उपचाराला ठरावीक रक्कम देते, हे स्तुत्यच. तथापि ठोक रकमेच्या पद्धतीत महाग साधन टाळण्याचा मोह इस्पितळाला होणारच. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली. हाडाच्या पोकळीत ठेवावयाच्या द्रव्यांबाबत तसा विचार का होऊ नये?

अर्थात मणी म्हणजे जादू नव्हे. मेलेले हाड निर्दयपणे काढून टाकल्यावाचून आणि जंतू कोणता हे प्रयोगशाळेत तपासल्यावाचून ते ठेवणे म्हणजे केर न काढता उदबत्ती लावणे होय. शिवाय २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या शिरेतील औषधापेक्षा निकृष्ट ठरल्या नाहीत. खाट लवकर मोकळी करण्याचा तोही एक मार्ग आहे, आणि तो स्वस्त आहे. जंतुपरीक्षा न करता सरसकट व्हँकोमायसिन भरण्याची सवय लागली, तर उद्या तेही औषध बोथट होईल.

अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहतींत औषधे बनतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील प्रथिनापासून हाडाची पोकळी भरणाऱ्या सच्छिद्र द्रव्यांवर काम झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आणि कामगार विमा रुग्णालय आहेच. या तिन्ही ठिकाणी उघड्या अस्थिभंगाच्या रुग्णांची एक सामाईक नोंदवही ठेवता येईल: जंतू कोणता, हाडात औषध ठेवले की नाही, वर्षभरात जखम पुन्हा फुटली का, आणि माणूस कितव्या दिवशी कामावर गेला. शेवटचा रकाना इस्पितळे सहसा ठेवीत नाहीत. तो भरला गेला, तर महाग मणी खरोखर महाग आहेत काय, हे भांडाराच्या वहीबाहेरही कळू लागेल.