प्रभातफेरीपुरते नागरिक

निवडणूक जाहीर झाली की माध्यमिक शाळांमध्ये एक ठरावीक लगबग सुरू होते. गणवेशातील मुले हाती फलक घेऊन गल्लीबोळांतून प्रभातफेरी काढतात, मैदानावर मानवी साखळी करतात, मतदार जागृतीच्या रांगोळ्या रेखाटतात, निबंध लिहितात आणि मतदान करण्याचे वचन देणाऱ्या संकल्पपत्रावर आई-वडिलांच्या सह्या घेऊन येतात. २०२४ साली मे महिन्यात लोकसभेची आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्याच वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर झालेल्या या जिल्ह्यानेही हा सोहळा दोनदा अनुभवला. मतदान पार पडले, मतदान केंद्रासाठी दिलेले वर्ग पुन्हा भरू लागले आणि ‘लोकशाही’ हा विषय पुढील निवडणुकीपर्यंत फलकांसह अडगळीच्या खोलीत गेला.

या उपक्रमांचा हेतू चांगला आहे, याविषयी दुमत नाही. तथापि, त्यातून विद्यार्थी नेमके काय शिकतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मतदान करा, असे तो इतरांना सांगतो. परंतु मत कसे बनवावे, उमेदवाराला कोणता प्रश्न विचारावा, आश्वासन आणि अंदाजपत्रक यांचा मेळ कसा घालावा, हे त्याला कोणी सांगत नाही. मतदानाची शपथ त्याच्या वाट्याला येते, मताची शिकवण मात्र येत नाही.

मताचे मोल आणि नोंदणीची उदासीनता

मताला मोल नाही, असे म्हणण्याची सोय निदान या जिल्ह्यात तरी उरलेली नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कर्जत-जामखेड मतदारसंघात रोहित पवार यांनी राम शिंदे यांचा पराभव केला तो अवघ्या १,२४३ मतांनी. एखाद-दुसऱ्या मोठ्या माध्यमिक विद्यालयाच्या पटावर जेवढी मुले असतात, तेवढाच हा फरक! संगमनेरमध्ये १९८५ पासून सलग निवडून येणारे बाळासाहेब थोरात १०,५६० मतांनी पराभूत झाले. पिढ्यान्‌पिढ्या भक्कम मानले गेलेले गड थोड्या मतांनी ढासळू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आणि तरीही पहिल्यांदा मतदार होणारी पिढी नोंदणीपासूनच दूर आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशभरात १८ ते १९ वयोगटातील सुमारे १ कोटी ८० लाख मतदार यादीत होते. या वयोगटाची प्रत्यक्ष लोकसंख्या याच्या दुपटीहून अधिक आहे. कायद्याने वाट पुरेशी मोकळी करून दिली आहे. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांना वयाची अट पूर्ण करणाऱ्यांची नोंदणी होऊ लागली. १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे बारावीच्या वर्गात बसूनच नमुना सहा भरता येतो. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये मतदार साक्षरता मंडळांची योजना आणली. एवढी सोय असूनही नोंदणी होत नसेल, तर अडचण अर्जाची नसून आस्थेची आहे, हे मान्य करावे लागेल.

राजकारण शाळेत आधीच आले आहे

विद्यार्थ्यांनी राजकारणापासून दूर राहावे, हे वाक्य पालक, शिक्षक आणि नेते अशा तिन्ही गोटांतून ऐकू येते. या जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. ‘छोडो भारत’ चळवळीत काँग्रेसचे राष्ट्रीय नेते नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि त्याच वेळी नगरचे सुपुत्र अच्युतराव पटवर्धन भूमिगत राहून लढा चालवीत होते. त्या काळात शाळा-महाविद्यालये सोडून चळवळीत उतरलेल्या मुलांना राजकारणात पडू नका, असे सांगणाऱ्यांकडे इतिहासाने आदराने पाहिलेले नाही. २०११ मध्ये पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी दिल्लीत उपोषण केले, तेव्हाही गणवेशातील मुले रस्त्यावर उतरलीच होती.

याहून वेदनादायी अनुभव अलीकडचे आहेत. २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे दलित समाजातील एका शाळकरी मुलाची हत्या झाली. २०१७ मध्ये त्या खटल्यातील आरोपी सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्या खटल्यात २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. कोपर्डीनंतर राज्यभर निघालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चांच्या अग्रभागी शाळा-महाविद्यालयांतील मुली होत्या. हजारोंच्या समुदायासमोर त्या बोलल्या, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदने त्यांनीच दिली. न्याय, सुरक्षितता, आरक्षण, जात हे सारे प्रश्न त्यांच्या दप्तरातून पुन्हा वर्गात आले. पण वर्गात त्यावर बोलण्याची मुभा नव्हती. शिक्षकांनी मौन पाळले की हे प्रश्न नाहीसे होत नाहीत. त्यांची चर्चा मोबाइलवरच्या समूहांत होते, आणि तेथे जातवार समूह असतात, समोर बसलेला दुसऱ्या जातीचा मित्र नसतो.

तेव्हा मुलांना राजकारणात आणावे की नाही, हा वाद निरर्थक आहे. गर्दी म्हणून त्यांना आणले जातेच. या वापराला आळा घालण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये आदेश दिला आणि निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना खडसावले. पत्रके वाटणे, घोषणा देणे, सभा-मिरवणुकांत मिरवणे, यांपैकी कशासाठीही मुलांना वापरू नये, अशी स्पष्ट सूचना आहे. ती योग्यच आहे. परंतु वापर थांबवणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम शिकवण्याचे आहे आणि त्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही.

पुस्तकातील जिल्हा परिषद

अभ्यासक्रमात नागरिकशास्त्र नाही, असे नव्हे. २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला स्थानिक शासनसंस्था, सातवीला संविधान, आठवीला संसदीय शासनव्यवस्था, नववीला भारताचे परराष्ट्र धोरण आणि दहावीला निवडणूक प्रक्रिया व राजकीय पक्ष, अशी मांडणी करण्यात आली. क्रम तर्कशुद्ध दिसतो. परंतु ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद हे विषय अकरा-बारा वर्षांच्या मुलाला शिकवून संपतात. ज्या वयात त्याला गावचा रस्ता, पाणी आणि एस.टी. यांचे राजकारण उमगू लागते, त्या वयात पुस्तक त्याला आंतरराष्ट्रीय संबंधांकडे नेते.

त्यातही एक विपरीत योग जुळून आला. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. जून २०२२ मध्ये सहावीत बसलेल्या विद्यार्थ्याने जिल्हा परिषदेचे सदस्य लोक निवडून देतात, असे पाठ केले. जून २०२५ मध्ये तो नववीत पोहोचला, तोवर त्याच्या जिल्ह्यात निवडून आलेला एकही जिल्हा परिषद सदस्य नव्हता. पुस्तक एक सांगते आणि गाव दुसरेच दाखवते, तेव्हा मुले पुस्तकावर नव्हे, गावावर विश्वास ठेवतात.

महाविद्यालयात गेल्यावर तरी सराव मिळावा, तर तेथेही वाट बंद. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका संपल्या आणि गुणवत्ता यादीवरून नियुक्त्या होऊ लागल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली खरी, पण त्या राज्यभर नियमितपणे सुरू झाल्या नाहीत. परिणामी ग्रामीण तरुणाची पहिली खरी निवडणूक असते ती ग्रामपंचायतीची. जेथे भावकी, पॅनल आणि पाकीट यांचे गणित आधीच मांडलेले असते.

ग्रामसभा हाच वर्ग

उपाय दूर नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि प्रथेप्रमाणे त्यांतील दोन २६ जानेवारी व १५ ऑगस्टला होतात. त्याच सकाळी गावातील सर्व विद्यार्थी ध्वजवंदनाला जमलेले असतात. भाषणे होतात, खाऊ वाटला जातो आणि मुले घरी पाठवली जातात. त्यानंतर मोठी माणसे ग्रामसभेला बसतात. अनेकदा १५ टक्के किंवा १०० मतदारांची गणपूर्तीही होत नाही आणि सभा तहकूब करावी लागते. नववी-दहावीच्या मुलांना मताधिकाराविना, केवळ श्रोते म्हणून तेथे थांबवून घेतले तर कोणता कायदा आड येतो? वित्त आयोगाचा किती निधी आला, तो कशावर खर्च झाला, शाळेच्या स्वच्छतागृहाचा ठराव कितव्यांदा मांडला गेला, हे एकदा ऐकले तरी पाठ्यपुस्तकातील दहा पानांचे काम होईल. त्यापूर्वी मुलांची बालसभा भरवून तिच्या मागण्या ग्रामसभेत वाचल्या जाव्यात, ही कल्पना पंचायत राज व्यवस्थेने स्वीकारलेलीच आहे. प्रश्न अंमलाचा आहे.

ग्रामसभेचे महत्त्व या जिल्ह्याला सांगण्याची गरज नाही. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात, हे पाहण्यासाठी देशभरातून लोक येतात. परंतु त्या यशाचा एक सोपा अर्थही काढला गेला, तो म्हणजे निवडणूक टाळणे म्हणजे आदर्श. डिसेंबर २०२० मध्ये पारनेरच्या तत्कालीन आमदारांनी बिनविरोध ग्रामपंचायतींना २५ लाखांचा निधी जाहीर केला, तो याच भावनेतून. उलट हिवरे बाजारमध्येच तीन दशकांनंतर जानेवारी २०२१ मध्ये मतदान झाले आणि पवार यांचे पॅनल सर्व जागांवर निवडून आले. स्पर्धेने गाव मोडले नाही. एकोपा आणि मतभेद एकाच गावात नांदू शकतात, हा धडा मुलांपर्यंत पोहोचायला हवा.

अनेक शाळांत आता शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते, मोबाइलवर मतदानही घेतले जाते. तीही बहुधा चेहऱ्याची निवडणूक ठरते. उमेदवाराने जाहीरनामा मांडावा, विरोधकांनी प्रश्न विचारावेत, निवडून आलेल्यांच्या हाती थोडासा का होईना निधी असावा आणि सत्र संपताना त्यांनी हिशेब द्यावा, एवढे केले तरी खेळाचे शिक्षणात रूपांतर होईल. नॉर्वेमध्ये खऱ्या निवडणुकीआधी विद्यालयांत प्रतिमतदान होते आणि पक्षांचे तरुण प्रतिनिधी विद्यार्थ्यांसमोर वाद घालतात.

आक्षेपात तथ्य आहे

शिक्षकच प्रचारक झाले तर, हा आक्षेप हलका नाही. साखर कारखाना, बँक, दूध संघ आणि शिक्षणसंस्था या एकाच नेतृत्वाच्या छत्राखाली असणे, ही जिल्ह्यातील सामान्य बाब आहे. माध्यमिक शिक्षक स्वतः विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाचे मतदार असतात. संस्थाचालक ज्या पक्षाचा, त्याच पक्षाचे ‘राजकीय शिक्षण’ होण्याची भीती खरी आहे. मात्र त्यावर उत्तरही आहे. जर्मनीत १९७६ मध्ये राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी साधी मर्यादा मान्य केली : विद्यार्थ्यावर मत लादायचे नाही, आणि समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. नाझी राजवटीची आठवण असलेल्या देशाला जे जमले, ते येथे अशक्य ठरू नये. शिक्षण विभागाने अशी आचारसंहिता लेखी दिली, तर प्रामाणिक शिक्षकाला संरक्षण मिळेल आणि संस्थेच्या दबावाला नकार देण्यास आधारही.

आज दहावीत असलेली बहुतेक मुले २०२९ च्या लोकसभा निवडणुकीत प्रथमच मतदान करतील. तोपर्यंत त्यांच्या हाती कोणीतरी झेंडा देईल, कोणीतरी मोबाइलवर चित्रफीत धाडेल आणि कोणीतरी पाकीटही पुढे करील. ही सारी माणसे वेळेवर पोहोचतात, असा आजवरचा अनुभव आहे. शाळा त्यांच्या आधी पोहोचणार की पुन्हा एक प्रभातफेरी काढून मोकळी होणार, एवढाच प्रश्न आहे.