काळ्यावर काळं

गोव्यातल्या साळगावच्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची काळी चित्रं पुस्तकात पाहून कळत नाहीत. छापील पानावर दिसतो तो जवळजवळ नुसता काळा चौकोन. १९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत त्यांनी ती मांडली. काळ्यावर काळाच रंग, जाड थरांचा. चेहरा आहे, पण तो रंगाने वेगळा काढलेला नाही. थराच्या उंचवट्यावर उजेड तिरका पडला की डोळे उमटतात. आपण दोन पावलं सरकलो की ते बुडतात.

या काळ्याचा अर्थ विचारला की लोक सूझांचं बालपण सांगतात. १९२४चा जन्म, तान्हेपणीच वडील गेले, मग बहीण, मग यांना देवी आल्या. म्हणून काळा म्हणजे मरण. मला हे पटत नाही. त्याच काळ्यात त्यांनी निसर्गदृश्यं आणि नग्नचित्रंही रंगवली. तिथे मरण कुठून आणायचं?

१९५९च्या ‘क्रूसिफिक्शन’ची गोष्ट वेगळी. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या या चित्रात ख्रिस्ताचा देहच काळा, काटेरी, दात विचकलेला. गोव्याच्या चर्चमधले सोनेरी मुलाम्याचे संत सूझांनी लहानपणी डोळे भरून पाहिले होते. तो मुलामा इथे खरवडून काढला आहे. हे प्रतीकच आहे, आणि ते वाचायलाच हवं.

मी गोव्यातल्या नार्व्याचा. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपलीकडे आमच्या गावात आलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. त्यामुळे सूझांचा चर्चवरचा राग तोच आपला राग, असं म्हणायचा मोह मला होतो. पण तो अन्याय ठरेल. सूझांचं चर्चशी भांडण घरातल्या माणसाचं आहे. चर्चच्या थाटामाटाने ते भारावलेही होते. आपलं दुःख त्यांच्या तोंडी घालायचा मला अधिकार नाही.

असा बाहेरून चिकटवलेला अर्थ आणखी एका काळ्या चित्रमालेत दिसतो. स्पेनच्या गोयाने १८१९ ते १८२३च्या सुमारास घराच्या भिंतींवर चौदा काळी चित्रं काढली. एकालाही नाव दिलं नाही. नावं मागाहून इतरांनी ठेवली. पोराला खाणारा म्हातारा ‘सॅटर्न’ आहे, हेही इतरांचंच म्हणणं. ते नाव बाजूला ठेवून त्याचे डोळे पाहा. खाणाराच भेदरलेला आहे.

सूझांची काळी चित्रं गोव्यात कुणी मांडली, तर समोरून दिवे मारू नयेत. उजेड बाजूने सोडावा, आणि भिंतीपुढे माणसाला इकडून तिकडे चालायला भरपूर जागा ठेवावी.