आधी बटाटे, मग रणगाडे

आज ८ ऑक्टोबर, हवाई दल दिन. लढाऊ विमानांच्या कसरतींचे आज कौतुक होईल आणि ते व्हायलाच हवे. चंदीगडच्या तळावरून लेहला बटाटे, अंडी आणि रॉकेल नेणाऱ्या विमानांसाठी मात्र कुणी मान वर करणार नाही.

या तळाची लगबग पहाटेच सुरू होते. लेहची धावपट्टी दहा हजार फुटांहून उंचावर, हवा मुळातच विरळ. ऊन चढले की ती आणखी विरळ होते, तेवढ्याच धावपट्टीवरून कमी वजन उचलले जाते. दुपारी डोंगरातले वारेही सुटतात. म्हणून फेऱ्या सकाळीच उरकायच्या. परतताना रजेवर निघालेले जवान, आजारी माणसे आणि कधी शवपेट्याही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी याच मार्गावर एएन-१२ विमान १०२ जणांसह बेपत्ता झाले. अवशेष सापडायला २००३ साल उजाडले. २०२४ मध्येही बर्फातून चार मृतदेह काढले गेले.

अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाला. मग ट्रकने जाऊ शकणारा बटाटा विमानाने कशाला, असा हिशेब मांडला जातो. रुपयांत तो बरोबरच आहे. पण ऑक्टोबर १९६२ मध्ये चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडे उतरवले ते एएन-१२ विमानांनीच, आणि त्यांच्या वैमानिकांना लडाखच्या वाटा ठाऊक होत्या त्या आधीपासून रसद वाहिल्यामुळे. गलवाननंतरही रणगाडे विमानांनीच लेहला पोचले. ऐनवेळी विमान एकवेळ कुठून तरी मिळेल. कोणती खिंड कधी ढगांनी भरते हे जाणणारा वैमानिक आणि वजनाचा तोल साधून माल जखडणारा लोडमास्टर आयत्या वेळी घडवता येत नाही. बटाट्याच्या फेऱ्या हाच त्यांचा सराव.

खरी चिंता विमानांची आहे. १९८४ पासून दाखल झालेली एएन-३२ अजून राबताहेत, सात टनांहूनही कमी भार घेऊन. रशियाबरोबर नवे मालवाहू विमान बनवण्याची योजना बारगळली. बडोद्याच्या कारखान्यासाठी ठरलेली सी-२९५ विमाने मुळात घेतली ती जुन्या अॅव्रोंच्या जागी. लढाऊ विमानांच्या खरेदीवरून संसद दणाणते. एएन-३२ नंतर काय, हा प्रश्न तिथे क्वचितच येतो. येत्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राच्या खासदारांपैकी कुणी तरी तो विचारावा, आणि उत्तरात तारीख मागावी.